जुन्या बोलपटांचा स्वर आणि त्यावरील धूळ

'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट मुंबईस तयार होत होता, तेव्हा त्याचे चित्रण बहुतांशी रात्री करावे लागे, ही हकीकत चित्रपटाच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांस ठाऊक आहे. इंपीरियल कंपनीच्या चित्रशाळेजवळून आगगाडीचा रूळ जात होता. नटाच्या मुखातील शब्द आणि गाडीचा खडखडाट यांतील भेद ध्वनिग्राहक यंत्रास कळत नव्हता. ते दोन्ही सारख्याच इमानाने टिपून घेई. म्हणून अर्देशीर इराणी आणि त्यांची मंडळी गाड्यांची वर्दळ थांबण्याची वाट पाहत बसत आणि रात्रीच्या शांततेत काम उरकून घेत. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रगृहात हा बोलपट लोकांनी प्रथम ऐकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ज्या आवाजासाठी त्या मंडळींनी रात्री जागविल्या, तो आवाज आपल्या कानांपर्यंत पोहोचलाच नाही.

आमच्या आजच्या विषयाची दोन्ही टोके या एका हकीकतीत सापडतात. इष्ट स्वरातून अनिष्ट कोलाहल वेगळा कसा करावा, हा प्रश्न बोलपटाच्या जन्माबरोबरच जन्मास आला, हे एक टोक. मळलेला का होईना, परंतु उरलेला स्वर हा मुळीच न उरलेल्या स्वरापेक्षा शतपटीने मोलाचा, हे दुसरे. या दोन टोकांच्या मध्ये सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आपल्या संतपटांवर ज्यांचे प्रेम आहे, त्यांनी तो जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हा आवाज फितीवर बसतो कसा, ते पाहू. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चित्रांच्या बाजूस सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची एक अरुंद पट्टी असते. आवाजाच्या लहरींप्रमाणे या पट्टीचा पारदर्शक भाग कोठे रुंद तर कोठे अरुंद होतो. अथवा जुन्या दुसऱ्या पद्धतीत पट्टीभर फिक्या व गडद रेघा उमटलेल्या असतात. प्रक्षेपक यंत्रातील दिव्याचा बारीक किरण या पट्टीतून पार होतो, पलीकडे प्रकाशाचे विजेत रूपांतर होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. थोडक्यात, येथे आवाज म्हणजे प्रकाशाचा चढउतार. एवढे ध्यानात आले म्हणजे दोषांचे मूळही आपोआप उलगडते. पट्टीवर धुळीचा कण बसला, ओरखडा उमटला किंवा तेलाचा डाग पडला, की प्रकाश अडतो. आणि प्रकाश अडला की यंत्र तोही आवाजच समजते. ओरखड्याची टकटक होते, धुळीची चरचर होते, आणि फितीवरील रसायनाच्या कणाकणांची मिळून अखंड सळसळ होते. किरण जागेवरून किंचित सरून फितीच्या कडेच्या छिद्रांवर पडू लागला, तर दर सेकंदास चोवीस चित्रे आणि प्रत्येक चित्रामागे चार छिद्रे या हिशेबाने दर सेकंदास ९६ कंपनांची घरघर ऐकू येते. विजेच्या प्रवाहाची ५० कंपनांची आणि त्याच्या पटीतील १००, १५० कंपनांची गुणगुण निराळीच. शिवाय प्रतीवरून प्रत काढली, की जुन्या प्रतीचे सर्व दोष नवीन प्रतीत वारसाहक्काने उतरतात आणि त्यांत नव्या दोषांची भर पडते.

हे दोष तंत्रज्ञांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. निःशब्द प्रसंगी पट्टीचा पारदर्शक भाग मोठा राहिला तर त्यावरील धूळ अधिक ऐकू येते, हे ओळखून १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शांततेच्या वेळी तो भाग झाकून घेण्याची युक्ती निघाली. पुढे १९३८ साली अमेरिकेतील चित्रपट अकादमीने चित्रगृहांतील ध्वनियंत्रणेचे एक मान ठरवून दिले. त्यात उंच पट्टीचे ध्वनी पुष्कळच दाबलेले असत. सळसळ ही त्याच उंच पट्टीत वसत असल्यामुळे ती कमी झाली. परंतु तिच्याबरोबर झांजेची झळाळी आणि 'स', 'श' या अक्षरांची धारही बोथट झाली. रोग घालविण्यासाठी अवयवच कापावा, तशातला हा प्रकार होता. तथापि चित्रपटसृष्टीने तो अनेक दशके चालवून घेतला.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे रे डॉल्बी यांची पद्धती. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली संस्था स्थापन केली. मुद्रण करतानाच मंद ध्वनी उंचावून ठेवावयाचे आणि ऐकविताना ते तितकेच खाली आणावयाचे, म्हणजे मध्यंतरी शिरलेली सळसळही त्यांच्याबरोबर खाली जाते, अशी ही युक्ती होती. १९७१ साली 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटाच्या ध्वनिकार्यात तिचा उपयोग झाला आणि पुढे तिने चित्रगृहे पादाक्रांत केली. परंतु या युक्तीस एक मर्यादा होती. मुद्रणाच्या वेळीच जी तजवीज करावयाची, ती आधी होऊन गेलेल्या मुद्रणास कशी लागू पडावी? पेरणीपूर्वी बियाणे निवडता येते. मळणी होऊन कणगीत गेलेल्या धान्यातील खडे वेचावयाचे तर सूपच हाती घ्यावे लागते. जुन्या बोलपटांना गरज होती ती सुपाची.

ते सूप संगणकाने दिले, आणि त्याचा आरंभ चित्रपटात नव्हे, तर गायनाच्या तबकड्यांत झाला. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील थॉमस स्टॉकहॅम हे या शास्त्राचे आद्य प्रवर्तक. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितीतील साडेअठरा मिनिटांचा प्रसिद्ध रिकामा भाग तपासण्यासाठी जे तज्ज्ञमंडळ नेमण्यात आले होते, त्यात ते होते. मंडळाचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. विद्युत् ध्वनिग्राहक येण्यापूर्वी गायकाला एका कर्ण्यापुढे उभे राहून गावे लागे, आणि त्या कर्ण्याचा स्वतःचा नाद गायकाच्या आवाजावर आपला ठसा उमटवी. एन्रिको कारुसो या इटालियन गायकाच्या जुन्या तबकड्यांवरील हा ठसा स्टॉकहॅम यांनी १९७५ च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने गणिताने शोधून काढला आणि पुसून टाकला. १९७६ साली या शुद्ध केलेल्या मुद्रणांची तबकडी निघाली, तेव्हा गतकाळच्या आवाजाचीही डागडुजी होऊ शकते, हे जगास प्रथमच पटले.

त्याच विद्यापीठातील स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली एक साधी परंतु दूरगामी कल्पना मांडली. बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमधील विराम घ्या. तेथे बोलणे नाही, केवळ कोलाहल आहे. त्या कोलाहलात कोणत्या पट्टीचा ध्वनी किती आहे, याचा नमुना मोजून ठेवा. मग संपूर्ण भाषणातून तो नमुना त्या त्या पट्टीत वजा करा. उरेल ते बोलणे. आज घरोघरच्या संगणकांवर जी ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअरे चालतात, त्यांतील सळसळ काढण्याच्या साधनांच्या मुळाशी बहुधा ही वजाबाकीच आहे. केंब्रिजच्या सीडार या संस्थेसारखी व्यावसायिक साधने १९८८ च्या सुमारास पुढे आली, ती महाग होती. परंतु २००० साली 'ऑडॅसिटी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले आणि हे शास्त्र सामान्य माणसाच्या हाती आले.

संगणकास आवाज म्हणजे संख्यांची माळ. चित्रपटाचा ध्वनी साधारणपणे दर सेकंदास ४८,००० वेळा मोजून त्या संख्या लिहून ठेवतात. म्हणजे पडद्यावरील एका चित्राच्या वाट्यास दोन हजार संख्या येतात. फीत यंत्रातून दर सेकंदास सुमारे ४५७ मिलिमीटर या वेगाने धावते. पट्टीवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा ओरखडा असेल, तर त्याने बिघडविलेल्या संख्या होतात सुमारे दहा. या दहा संख्या खोडून, मागच्या व पुढच्या संख्यांचा कल पाहून तेथे काय असावे याचा अंदाज बांधणे यंत्रास अवघड नाही, आणि ऐकणाऱ्यास ते ठिगळ जाणवतही नाही. विजेची गुणगुण ठरलेल्या कंपनांवर असते, म्हणून तिला नेमके वेचून काढता येते. खरा पेच येतो तो अखंड सळसळीपाशी, कारण ती सर्व पट्ट्यांत पसरलेली असते. तिची वजाबाकी फाजील झाली, तर मागे पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे विचित्र नाद उरतात आणि माणूस मडक्यात तोंड घालून बोलत असल्याचा भास होतो.

या पेचाचा अनुभव आम्ही स्वतः घेतला. काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थानच्या उत्सवात सभामंडपात प्रभातचा 'संत तुकाराम' दाखविण्याचे ठरले. हाती आलेली प्रत कॅसेटवरून कॅसेट अशी अनेकदा उतरविलेली होती, आणि तिच्यातील सळसळीखाली निम्मे शब्द बुडून गेले होते. समाजातील एका होतकरू तरुणाने रात्र जागून संगणकावर तो ध्वनी स्वच्छ केला. दुसऱ्या दिवशी आम्ही चार मंडळी ऐकावयास बसलो. सळसळ गेली होती, शब्द मोकळे झाले होते, आणि आम्ही त्या तरुणाची पाठ थोपटण्याच्या बेतात होतो, इतक्यात जन्मभर भजनात टाळ धरलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "उतरां समजतात रे पुता, पूण टाळ खंय गेले?"

आम्ही पुन्हा कान देऊन ऐकले. टाळ खरोखरच नव्हते. जेथे त्यांचा झणत्कार असावा तेथे कागद घासल्यासारखे काहीतरी वाजत होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये जे काढून टाकले तेवढेच स्वतंत्र ऐकण्याची सोय असते. तरुणाने तो टाकाऊ भाग वाजविला. सळसळीच्या त्या ढिगात आमचे टाळ लखलखीत वाजत होते. केरसुणीबरोबर देव्हाऱ्यातील घंटाच केरात गेली होती!

यात यंत्राचा अपराध काय? टाळांचा नाद अनेक कंपनांनी खचाखच भरलेला असतो आणि उंच पट्टीत दूरवर पसरतो. त्याचे विरत जाणारे शेपूट गणिताच्या दृष्टीने सळसळीचे सख्खे भावंड आहे. तंबोऱ्याची गोष्ट तर याहून नाजूक. जे सतत आणि एकसारखे आहे ते कोलाहल, आणि जे बदलते ते बोलणे, एवढेच यंत्राला शिकविलेले असते. परंतु आमच्या संगीतात जे सतत आणि एकसारखे आहे, तोच तर षड्ज! पद सुरू होण्यापूर्वी तंबोरा एकटाच झंकारत असतो. ती जागा शांत समजून कोणी तेथून कोलाहलाचा नमुना उचलला, तर यंत्र आज्ञाधारकपणे साऱ्या गाण्याखालचा आधारस्वर पुसून टाकील, आणि गायक अधांतरी लोंबकळेल. ज्या देशात बोलण्याला प्राधान्य देऊन हे शास्त्र वाढले, तेथे हा धोका कोणाच्या ध्यानात आला नाही तर नवल नाही. तो ध्यानात आणून देणे हे आपले काम आहे. कोणता अखंड नाद मळ आहे आणि कोणता अखंड नाद स्वर आहे, हे यंत्रास कळत नाही. ते टाळ धरलेल्या हातास कळते. आमच्या मते या सर्व इतिहासाचे सार हेच आहे.

त्या तरुणाने मग काम पुन्हा आरंभापासून केले. प्रथम टकटक, नंतर चरचर, नंतर गुणगुण, आणि सर्वांच्या शेवटी सळसळ, असा क्रम त्याने ठेवला. कोलाहलाचा नमुना त्याने दोन प्रसंगांमधील खऱ्याखुऱ्या शांत जागेतून घेतला. एकदम बारा-पंधरा डेसिबेल कापण्याऐवजी दोनदा थोडे थोडे कापले, आणि अभंगांच्या जागी तर सळसळ बरीचशी तशीच राहू दिली. दर वेळी टाकाऊ भाग ऐकून त्यात मनुष्याचा श्वास किंवा टाळाची किणकिण सापडली, की तो एक पाऊल मागे येई. उत्सवाच्या रात्री सभामंडपात जो ध्वनी घुमला, तो निर्मळ नव्हता. पावसाची बारीक रिमझिम असावी तशी सळसळ त्याच्या मागे होतीच. परंतु शब्द कळत होते आणि टाळ जागेवर होते.

'संत तुकाराम' याच बोलपटाविषयी इतकी काळजी का, असे कोणी विचारील. १९३६ साली विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. दामले हे स्वतः प्रभातच्या ध्वनिमुद्रणाचे जाणकार. संगीत केशवराव भोळे यांचे, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग इतका एकजीव झाला, की पुष्कळांनी तो तुकोबांचाच मानला. ज्या कृतीत शब्द, स्वर आणि भक्ती अशी एकवटली आहे, तिचा एकही घटक आपल्या उतावीळपणाने गमावणे हा प्रमादच होय.

आणि गमावण्यासारखे आता फार उरलेलेही नाही. प्रभात १९५३ साली बंद पडली. तिच्या पुण्यातील चित्रशाळेच्या आवारात १९६० साली चित्रपट-शिक्षणाची शासकीय संस्था निघाली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्य वेचून डबाडबा करून जुन्या फिती जमविल्या. परंतु जुनी नायट्रेट फीत ही दारूगोळ्याची सख्खी बहीण. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फितींच्या कोठारास आग लागली आणि अनेक जुन्या बोलपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. पुढे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान सुरू झाले, आणि मे २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. परंतु जीर्णोद्धार हा शब्द आपल्या देवस्थानांच्या परिचयाचा आहे, आणि त्यातील जबाबदारीही आपणांस परिचित आहे. गाभाऱ्याच्या भिंतीवरील काजळी धुणे निराळे, आणि धुण्याच्या भरात कोरीव काम घासून टाकणे निराळे.

अलीकडे तर यंत्रे अधिकच धीट झाली आहेत. १९६९ च्या जानेवारीत बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या तालमीचे जे चित्रण झाले होते, त्यातील एकत्र मिसळलेले आवाज २०२१ सालच्या एका माहितीपटासाठी संगणकास शिकवून एकमेकांपासून वेगळे करण्यात आले. गायक एकीकडे, वाद्ये दुसरीकडे! हे सामर्थ्य थक्क करणारे आहे. तथापि असे यंत्र हजारो अन्य आवाज ऐकून शिकलेले असते, आणि ऐकू न येणारी जागा ते आपल्या अनुभवाने भरून काढू शकते. पागनिसांचा एखादा अस्फुट हुंकार दुसऱ्याच कोणाच्या आवाजाच्या आधारे पुरा झाला, तर तो कानास गोड लागेल. परंतु तो पागनिसांचा हुंकार म्हणता येईल काय?

यासाठी आमच्या वाचकांस दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अनेक देवस्थानांच्या कपाटांत उत्सवांची, कीर्तनांची आणि नाटकांची जुनी चित्रणे कॅसेटवर पडून आहेत. त्यांचीही प्रकृती बोलपटांहून निराळी नाही. प्रथम ती जशी आहेत तशी, काहीही न पुसता, संगणकात उतरवून घ्यावीत, आणि ही मूळ प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. स्वच्छता करावयाची ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावी. मूळ प्रत हातची राहिली, तर आजची चूक उद्या सुधारता येते, आणि उद्याच्या अधिक शहाण्या यंत्रालाही काम उरते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संगणक चालविणाऱ्या तरुणाच्या शेजारी एक जुना भजनी, कीर्तनकार किंवा मृदंगवादक अवश्य बसवावा. यंत्र विकत मिळते, कधी फुकटही मिळते. परंतु कोणता नाद राहिला पाहिजे हे सांगणारे कान विकत मिळत नाहीत, आणि वर्षागणिक ते कमी होत चालले आहेत.

त्या उत्सवाच्या रात्री चित्रपट संपल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस विचारले, की मागची ती सळसळ त्रासदायक तर झाली नाही ना? ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. कोणती सळसळ, हे त्यांच्या ध्यानातच येईना.